खालची मर्यादा

खिडक्यांतून किती हवा गळते हे मोजायचं काम प्रणाली वरभे अकरा वर्षं करत होती. घराच्या दारात पंखा बसवायचा, बाकी सगळं बंद करायचं आणि आतली हवा बाहेर ओढायची. आतला दाब उतरला की बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. तो दाब टिकवायला पंख्याला जेवढी हवा ओढावी लागली, तेवढी त्या घराची गळती. खिडकीच्या दर चौरस मीटरमागे सेकंदाला ०.३ लिटरपेक्षा जास्त गळती असेल तर इमारत नापास.

२०३९च्या मे महिन्यात तिनं स्वतःच्याच सोसायटीची चाचणी केली. चंद्रपुरात परवाना असलेले तपासनीस सातच होते आणि बाकीचे सहा जण नागपूर, वर्ध्याकडे गुंतलेले होते. सागवान सोसायटीत अठ्ठ्याऐंशी घरं. बाहेर सत्तेचाळीस अंश तापमान. शेवटचं घर मोजून झालं तेव्हा पडद्यावर आकडा आला, ०.०३.

तिनं चाचणी पुन्हा केली. तेवढाच आला. दोन वर्षांपूर्वी याच घराची गळती ०.२४ होती.

"म्हणजे आठपट चांगलं," तिचा नवरा हर्षद म्हणाला. तो वन खात्यात नकाशे बनवायचा आणि सोसायटीचा सचिव होता. "काहीच न करता?"

"रबर फुगलंय," ती म्हणाली. तिचं कपाळ ठणकत होतं. वर्षभर ते तसंच ठणकायचं. तिनं चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला होता.

खिडकीच्या झडपेभोवती पूर्वी साधं काळं रबर असायचं. ते दोन-तीन उन्हाळ्यांत कडक व्हायचं, आक्रसायचं, आणि फटी पडायच्या. या इमारतीत नवं जेलचं रबर होतं. ऊन आणि ओलावा लागला की ते फुगायचं आणि फट भरून काढायचं. थंडीत परत आक्रसायला हवं होतं, पण फारसं आक्रसत नसे. दर उन्हाळ्यात ते थोडं जास्त घट्ट बसायचं. कंपनीच्या जाहिरातीत हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: वयासोबत सुधारणारी एकमेव खिडकी.

घट्ट खिडक्यांना त्या काळात फार महत्त्व आलं होतं. मार्च ते जून वीज पुरत नसे. ज्या इमारती थंडावा वाया घालवत नाहीत, त्यांना हरित मानांकन मिळे आणि मानांकन असलेल्या इमारतीला उन्हाळाभर अखंड वीज. बाकीच्यांना दुपारी सहा तास अंधार आणि उकाडा. शिवाय बाहेर खाणींची धूळ. आत प्रत्येक घरात ताज्या हवेचं एक मशीन असे, ते धूळ गाळून हवा आत घेई. ते किती जोरात चालवायचं हे भिंतीवरचा संवेदक ठरवे. घरातल्या माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड वाढला की मशीन जोरात, कमी झाला की हळू. हवेच्या दर दहा लाख भागांत तो किती भाग आहे हा आकडा घरातल्या फलकावर दिसे; हजाराच्या आत असला की हवा चांगली.

चाचणीचं सामान आवरून प्रणाली खाली आली तेव्हा पार्किंगमध्ये एका खांबाआड तिचे बाबा बसले होते. प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर ओला पंचा, डोळे मिटलेले. बाजूने दोन बाया पिशव्या घेऊन गेल्या आणि तिच्याकडे पाहून बोलायच्या थांबल्या.

"बाबा, पंचेचाळीसच्या वर आहे इथं. वर चला."

"इथं बरं वाटते," ते म्हणाले.

"लोक काय म्हणतात माहीत आहे? मुलगी घरात ठेवत नाही म्हणतात."

"म्हणू दे. श्वास त मले घ्या लागते."

दिवाकर खानोरकर एकाहत्तर वर्षांचे होते. कोळशाच्या वीज केंद्रात बॉयलर ऑपरेटर म्हणून त्यांची तेहतीस वर्षं गेली. बिड्यांनी फुप्फुसं खराब झाली होती, चार जिने चढवत नसत. बायको गेल्यावर तीन वर्षांपूर्वी ते लेकीकडे आले. पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर ते बदलले. सकाळी उठले की काही वेळ त्यांना वारच आठवत नसे. एकदा त्यांनी प्रणालीला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. आणि ते सारखी खिडकी उघडायचे.

खिडकी उघडली की घर क्रमांक ७०४ सोसायटीच्या फलकावर लाल होई. इमारतीच्या एकूण गुणांतून वजाबाकी होई. पहिली सूचना आली, दुसरी आली. तिसऱ्या सूचनेवर सचिव म्हणून हर्षदलाच सही करावी लागली, आपल्याच घराच्या नावानं.

त्या रविवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरात भांडले. तसे ते हल्ली रोजच भांडत. चहा गोड झाला म्हणून, मोबाईल कुणी कुठे ठेवला म्हणून. हर्षद बोलता बोलता उठून लिफ्टनं खाली जायचा, उगाच आवारात दोन फेऱ्या मारून यायचा आणि परत तिथूनच सुरू करायचा.

"तू तपासनीस आहेस," तो म्हणाला. "तुझ्याच घरात खिडकी उघडी. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"मग मी काय करू? हात बांधू त्यांचे?"

"हँडल काढ."

तिला ते एकदम पटलं. नंतर तिला याचंच सगळ्यात जास्त नवल वाटायचं, की जराही विचार न करता पटलं. तिनं आपल्या पेटीतली ॲलन की घेतली आणि बाबांच्या खोलीत गेली. स्क्रू दोनच होते. बाबा पलंगावर बसून पाहत होते.

"मायी खोली हाय का लॉकअप?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"अठ्ठ्याऐंशी घरांची वीज आहे बाबा."

"मले आत जीव गुदमरल्यासारखा होते. हे मी तुले आजच सांगतो आहे का?"

"डॉक्टरांनी पाहिलंय ना. छातीत नवीन काही नाही. संवेदक सहाशे दाखवतोय, म्हणजे हवा उत्तम आहे. तुमच्या मनाचं आहे ते."

"मनाचं."

"इथं राहायचं असेल तर इथल्या नियमानं राहावं लागेल."

हे बोलून ती हँडल खिशात टाकून बाहेर आली. बाबांनी त्या दिवसानंतर खिडकीचं नाव काढलं नाही. खोलीचं दार मात्र ते आतून लावून घेऊ लागले.

अकराव्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. सात वाजता तिनं दार वाजवलं, साडेसातला हर्षदनं कडी तोडली. बाबा श्वास घेत होते, पण हलवून, ओरडून, पाणी शिंपडूनही डोळे उघडत नव्हते. ओठ निळसर पडले होते.

रुग्णालयात त्यांना नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावला. एक तरुण डॉक्टरीण रक्ताचा अहवाल घेऊन आली.

"यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठलाय," ती म्हणाली. "फुप्फुसं अशी असली की तो पूर्ण बाहेर टाकता येत नाही. त्यानं माणूस आधी चिडचिडा होतो, मग गोंधळतो, मग झोपेतच बेशुद्ध. सकाळी डोकं दुखायचं का यांचं?"

"ते कधी सांगायचे नाहीत," प्रणाली म्हणाली आणि तिला आठवलं, की सांगायचे. रोज सांगायचे.

दुपारी चारला बाबांचा मास्क काढला. त्यांनी वार सांगितला, तारीख सांगितली, समोरच्या खाटेवरच्या माणसाचं गाव विचारून घेतलं. प्रणालीला वाटलं, आपण दीड वर्षानं या माणसाला भेटतोय. हर्षद औषधं आणायला गेला होता. ती खाटेपाशी स्टूल ओढून बसली.

"बाबा, घरातला संवेदक मी रोज बघते. सहाशेच्या वर जात नाही."

"त्याले शून्य कोण करते?"

"कुणाला?"

"त्या मीटरले. आमच्या बॉयलरवर धुराची तपासणी करायचं यंत्र होतं. दर पाळीले त्याले आधी बाहेरची साधी हवा पाजत होतो. साध्या हवेवर बरोबर आकडा आला त मगच त्याच्यावर भरोसा. नाई त ते काईबी सांगते. तुमच्या भिंतीवरच्याले साधी हवा कोण पाजते?"

"ते स्वतःच स्वतःला नीट करतं."

"कशावरून?"

 कशावरून, हे प्रणालीला माहीत होतं. कामाच्या पहिल्या वर्षी तिनं ते वाचलं होतं.

घरोघरी लावायचे संवेदक स्वस्त असतात. महिनोन्महिने चालले की त्यांचं माप सरकतं. प्रत्येक घरात जाऊन ते नीट करणं कुणाला परवडत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी एक सोपी युक्ती काढली होती. कुठलंही घर आठवड्यातून एकदा तरी रिकामं होतं किंवा उघडतं, तेव्हा त्यात बाहेरची ताजी हवा भरते, असं गृहीत धरायचं. म्हणून आठवड्यातलं सगळ्यात कमी माप म्हणजे ताजी हवा. तिथं संवेदक स्वतःच साडेचारशेचा आकडा बसवून टाकतो. गळक्या घरांत ही युक्ती अनेक वर्षं बिनचूक चालली होती. पण जे घर कधी रिकामं होतच नाही? लोक घरूनच काम करतात, उन्हाळ्यात शाळाही घरातूनच, म्हातारे घरातच, आणि फटीतून जराशीही हवा येत नाही? मग आठवड्यातली सगळ्यात कमी शिळी हवाच संवेदक ताजी मानणार. पुढच्या आठवड्यात त्याहून शिळी. मशीनला तो सांगत राहणार, हवा छान आहे, हळू चाल. बाबांनी खिडकी उघडली तरी कुणीतरी ती लगेच लावून टाकी, बैठकीतल्या संवेदकापर्यंत ती हवा पोचत नसे, आणि चाचणीच्या वेळी तर सगळे संवेदक बंदच असत. दर वर्षी संवेदक बाहेरच्या हवेवर तपासायचा नियम होता, पण त्या रकान्यात यंत्रणा आपली आपणच लिहायची, स्वयंतपासणी पूर्ण.

"हर्षद येईपर्यंत थांबाल ना एकटे?" तिनं विचारलं.

"जा," बाबा म्हणाले.

कार्यालयातून तिनं हातातलं मीटर घेतलं. सोसायटीच्या गच्चीवर पाय भाजत होते. वाऱ्याला धुळीचा वास होता. तिनं मीटर उन्हातच दहा मिनिटं धरून बाहेरच्या हवेवर बसवलं. ४५२. मग ती जिन्यानं सातव्या मजल्यावर उतरली. घरात शिरली. भिंतीवरच्या फलकावर हिरव्या अक्षरांत ६१० होतं. हातातलं मीटर चढत गेलं. हजार, दोन हजार, एकतीसशे. बाबांच्या खोलीत, दार लावून, एकेचाळीसशे. तीही सकाळपासून रिकाम्या असलेल्या खोलीत. माणूस आत रात्रभर झोपलेला असताना किती असेल?

ती परत गच्चीवर गेली. मीटर पुन्हा बसवलं. पुन्हा खाली आली. आकडे तेच होते.

तेव्हा तिनं खिशातल्या पक्कडीनं बाबांच्या खिडकीत हँडलमागे उरलेला दांडा पकडून फिरवला आणि झडप ढकलली. रबर इतकं चिकटलं होतं, की पाठ लावून रेटावं लागलं. गरम वारा तोंडावर आला. मग बैठकीच्या खोलीतली खिडकी, मग स्वयंपाकघरातली.

हर्षद बाबांना औषधं देऊन घरी आला तो दारातूनच म्हणाला, "वेडी झालीस का? बाबांच्या नावानं आणखी एक सूचना काढू?"

"बस इथं अर्धा तास. काही बोलू नकोस. मी पण बोलत नाही."

"कशासाठी?"

"बस."

तो बसला, बहुधा तिचा चेहरा पाहून. घामानं दोघांचे कपडे अंगाला चिकटले. फलक लाल झाला, हर्षदचा मोबाईल वाजत राहिला, त्यानं तो उचलला नाही. विसेक मिनिटांनी त्यानं कपाळावरून हात फिरवला.

"डोकं दुखायचं थांबलं," तो म्हणाला. "प्रणाली, मला वाटायचं माझं बीपी आहे."

तिनं मीटर त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो नकाशे वाचणारा माणूस होता, आकडे त्याला लगेच कळले. 

"म्हणजे आपण दीड वर्ष जे भांडतोय ते..."

"काही हवेचं असेल."

"आणि बाकीचं?"

"ते आता कळेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिरीन मुकादम यांना फोन केला. त्या तिच्या चाचणी संस्थेच्या प्रमुख, शांत डोक्याच्या बाई. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मी सहीच करणार नाही," प्रणाली म्हणाली. "ही इमारत नापास आहे."

"कुठल्या कलमाखाली?"

"हवा वाईट आहे मॅडम. माणूस मरत होता."

"मान्य. पण तू गळतीची तपासनीस आहेस. मानक म्हणतं ०.३ पेक्षा जास्त नको. तुझी ०.०३ आहे. मानकात खालची मर्यादा नाही. जास्त घट्ट म्हणून कुणाला नापास करता येत नाही. तशी कुणाला कल्पनाच नव्हती."

"ताज्या हवेच्या मशीनचा हिशेब मांडताना थोडी गळती धरलेली असते. ती शून्य झाली तर तो हिशेबच खोटा ठरतो."

"ते लिहून दे. समितीकडे जाईल, वर्ष लागेल. पण एकतीस तारखेच्या आत सही नाही आली, तर तुमच्या इमारतीची अखंड वीज जाईल. सत्तेचाळीस अंशांत. हे पण माणसंच भोगतील ना?"

प्रणालीनं फोन ठेवला. ती दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिली, कागदावर गळतीचे आणि हवेचे हिशेब मांडत आणि खोडत. खिडक्या उघड्या ठेवून राहता येणार नव्हतं. बंद ठेवूनही नाही. संध्याकाळपर्यंत एक मार्ग दिसला. प्रत्येक झडपेच्या वरच्या कडेचं रबर मोजून वीतभर कापायचं. तेवढ्यानं गळती साधारण ०.२५ वर येईल, म्हणजे मर्यादेच्या आतच. संवेदक काढून टाकायचे आणि मशीन कायम पूर्ण जोरात चालवायचं. वीज जास्त लागेल, दर्जा खाली येईल, पण मानांकन पूर्ण जाणार नाही.

रबर कापल्यावर खिडक्यांची हमी रद्द होणार होती. सोसायटीच्या सभेत तिनं हे सांगितलं आणि लोक उसळले. कुणी म्हणालं, बापाचं दुखणं इमारतीच्या गळ्यात बांधते आहे. कुणी म्हणालं, तपासनीसच जर पास झालेली इमारत फोडायला निघाली तर आम्ही कुणाकडे पाहायचं. हर्षदनं सचिवपद सोडावं अशी मागणी झाली. त्यानं तिथल्या तिथे कागदावर राजीनामा लिहिला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आता मी फक्त ७०४चा रहिवासी. रबर कापायला मी हिच्याबरोबर येणार."

पहिल्या रांगेत ठेमस्करबाई बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळी सोसायटी त्यांना दबून असे. त्यांच्या सुनेला पाच महिन्यांची मुलगी होती.

"वीज गेली तर या उन्हात बाळाला ठेवू कुठे?" त्यांनी विचारलं. "ते सांग आधी. बाकीचं शास्त्र नंतर."

"बाळ झोपतं का काकू?" प्रणालीनं विचारलं.

 ठेमस्करबाई उठल्या. "ते मीटर घे. माझ्या घरी चल."

पाळणा आतल्या खोलीत होता. बाळ किरकिरत होतं, सून त्याला झोके देऊन थकली होती. भिंतीवर ५९०. प्रणालीनं मीटर पाळण्याच्या दांड्यावर ठेवलं. तिघी उभ्या उभ्या त्याकडे बघत राहिल्या. ३६२० वर आकडा स्थिरावला.

"हे खरं कशावरून?" ठेमस्करबाईंनी विचारलं.

"तुम्ही स्वतः गच्चीवर घेऊन जा. तिथं साडेचारशे दाखवायला हवं. नाही दाखवलं तर मी खोटी."

त्या खरंच गेल्या. लिफ्टसाठीही थांबल्या नाहीत, धापा टाकत जिना चढल्या. परत आल्या तेव्हा घामानं चिंब होत्या. त्यांनी मीटर प्रणालीला परत दिलं नाही. "हे आज माझ्याकडे राहू दे," म्हणाल्या आणि शेजारचं दार वाजवलं. त्या दिवशी त्या एकतीस घरांत फिरल्या. शाळेत वर्गावर फिरायच्या तशा, कुणालाही 'बसा' म्हणायची संधी न देता.

पुढचे चार दिवस प्रणाली आणि हर्षद पट्टी, पेन्सिल आणि ब्लेड घेऊन घरोघरी गेले. हर्षद खूण करायचा, ती कापायची. जेल कापताना ब्लेडला चिकटायचं, दर तिसऱ्या खिडकीला पातं बदलावं लागे. सोसायटीत एकूण पाचशे अठ्ठावीस खिडक्या. सहा घरांनी शेवटपर्यंत दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, एका परक्या स्वयंपाकघरात ओट्यावर उभं राहून खूण करताना हर्षद म्हणाला, "हँडल काढ असं मी म्हणालो होतो."

"काढलं मी."

"पण म्हणालो मी."

तिनं पातं बदललं. "हो," ती म्हणाली.

तीस तारखेला पुन्हा चाचणी झाली. ०.२६. तिनं सही केली. इमारतीचा दर्जा दोन पायऱ्या खाली आला आणि दुपारची दोन तास वीज जाऊ लागली. चौथ्या दिवशी त्याच दोन तासांत तिसऱ्या मजल्यावरच्या रायपुरे आजोबांना ऊन लागलं. सहा दिवस रुग्णालयात राहून ते बरे होऊन आले, पण त्यांच्या मुलानं प्रणालीशी बोलणं सोडलं. लिफ्टमध्ये ती आली की तो उतरून जिन्यानं जाई. आपण केलं ते बरोबर की चूक हे ती ठरवू शकली नाही. ठेमस्करबाईंची नात मात्र आता चार-चार तास झोपत होती. लोकांच्या डोकेदुख्या गेल्या. पार्किंगवरून चाललेली दोन भांडणं आपोआप मिटली, तिसरं तेवढ्याच जोरात चालू राहिलं.

प्रणाली आणि हर्षदचंही तसंच झालं. चहावरची भांडणं संपली. मूल हवं की नको हे भांडण राहिलं. आता डोकं शांत ठेवून ते त्याबद्दल बोलत आणि ते जास्त कठीण जाई.

बाबा रुग्णालयातून घरी आले नाहीत. त्यांनी परस्पर आपल्या बहिणीला फोन केला आणि भद्रावतीला तिच्याकडे गेले. प्रणालीनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ते तब्येतीचं सांगत आणि "ठेवतो" म्हणत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती तिकडे गेली. आत्याचं घर जुन्या पद्धतीचं नव्हतं, साधं दोन खोल्यांचं सिमेंटचं होतं, पण त्याला मानांकन नव्हतं, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि एका खिडकीत कूलर. कूलरला मागून हवा लागते, पुढून ती बाहेर जायला वाट लागते. खोलीत ओल्या खसाचा वास होता. बाबा बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. धाप होतीच, ती जाणार नव्हती. पण डोळे स्वच्छ होते.

आत्यानं पाणी दिलं आणि भाजी निवडायचं निमित्त काढून ती मागच्या अंगणात गेली.

"घर आता नीट आहे बाबा," प्रणाली म्हणाली. "तुमच्या खोलीत हजाराच्या आत असतो आकडा. मी रोज मीटर गच्चीवर नेऊन शून्य करते. तुमच्यामुळे कळलं सगळं. चला ना घरी."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"डॉक्टरीण म्हणे, त्या हवेनं माणूस चिडते, त्याले सुचत नाई. खरं हाय?"

"खरं आहे. सगळ्यांचं तसंच झालं होतं. माझंही."

"मंग त्या दिवशी तू मले जे बोलली, इथं राहायचं असंन त इथल्या नियमानं. ते हवा बोलली का तू बोलली?"

कूलरचा पंखा घरघरत होता. प्रणालीनं या प्रश्नाचं उत्तर गेले तीन आठवडे वेगवेगळ्या तऱ्हेनं तयार केलं होतं. हवेत एकेचाळीसशे होते, निर्णयशक्ती किती कमी होते याचे आकडे तिला पाठ होते, आणि ते खोटे नव्हते. पण त्याच हवेत बाबांनी आवाज चढवला नव्हता.

"मी बोलले," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली.  मग हात लांब करून त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"बरं केलं सांगितलं. मी सध्या इथंच राह्यतो. बहीण एकटीच हाय. दिवाळीले पाहू."

"रागावलात?"

"होतो. आता नाई. पण इथं मले बरं वाटते, याच्यात रागाचं काय हाय?" ते थोडे पुढे झुकले. "ते रबर. ते तुमच्याच बिल्डिंगले हाय का आणखी कुठं?"

"पुष्कळ ठिकाणी. नागपूर, अमरावती, अकोला. राज्यात अठरा-एकोणीस लाख घरं असतील. ती पण दर उन्हाळ्यात घट्ट होत चाललीत."

"आन त्याईच्या भिंतीवरचे मीटर?"

"तेच."

"त्यात मायासारखे किती?"

"माहीत नाही बाबा. कुणी मोजलेले नाहीत. मी समितीला लिहिलंय. मॅडम म्हणतात वर्ष लागेल. म्हणतात, आपण आपल्या इमारतीपुरतं पाहिलं, पुष्कळ झालं."

"तुले काय वाटते?"

 तिची बोटं तांब्याच्या काठावरून सारखी फिरत होती. आल्यापासून तिला एका जागी नीट बसवत नव्हतं, आणि आता ते हवेमुळे नव्हतं. कालच अकोल्याहून एका बाईचा फोन आला होता. ठेमस्करबाईंची जुनी विद्यार्थिनी. तिचे सासरे सकाळी उठले की माणसं ओळखत नाहीत म्हणाली. आमच्याकडे पण तसलंच रबर आहे, पाचवा उन्हाळा. प्रणालीनं पत्ता लिहून घेतला होता आणि बघते म्हणून फोन ठेवला होता.

हे तिनं बाबांना सांगितलं.

बाबांनी चष्मा काढून बनियनला पुसला. तो परत लावला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते पाळी बदलताना उशिरा आलेल्या माणसाकडे पाहत असावेत.

"अकोल्याची गाडी वरोऱ्याहून किती वाजता हाय?"

"अडीचला एक आहे."

"मंग इथं काय बसून राह्यली?" ते म्हणाले. "ऊठ. जेवण आत्या डब्यात बांधून देईन."